बावन्न नंबरची पुडी

मी वेलींवर पीएचडी करते असं सांगितलं की आमच्या सोसायटीतले लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग दिलीपकडे. दिलीप माझा नवरा. एवढं सगळं तो सहन करतो, याबद्दल त्याला खारघरच्या आमच्या सेक्टरात बरीच सहानुभूती आहे. माझ्या वाट्याला "मग डॉक्टर कधी होणार?" हा एकच प्रश्न येतो. लिफ्टमध्ये, जिन्यात, आरतीला, आणि एकदा तर एका तेराव्याच्या जेवणात.

प्रश्न वाईट नव्हता, वेळ वाईट होती. मी एका कॉलेजात अकरा वर्षं तासिका तत्त्वावर वनस्पतीशास्त्र शिकवते. म्हणजे तास घेतला तर पगार, मुलांनी सुट्टी घेतली तर मलाही सुट्टी आणि पगारालाही. यंदा पहिल्यांदाच एक कायमची जागा निघाली होती. मुलाखती एप्रिलमध्ये होत्या आणि त्याआधी प्रबंध सादर झाला पाहिजे, अशी अट होती. माझ्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसून झोपा काढलेली अर्पिता पीएचडी उरकून अर्ज टाकून बसली होती. माझा एक प्रयोग तेवढा बाकी होता.

तो प्रयोग समजायला फारशी अक्कल लागत नाही. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनाही तो तिसऱ्या खेपेला समजला. साचा इंची नावाची एक वेल आहे. फळ चांदणीच्या आकाराचं, आत चपट्या, तपकिरी, तेलाने गच्च भरलेल्या बिया. हिचं मूळ घराणं दक्षिण अमेरिकेच्या जंगलातलं. पण हिची चुलत भावंडं आफ्रिकेत सापडतात आणि पार आपल्या पूर्वेला, आशियाच्या जंगलातही. त्या घराण्यातल्या ज्या वेली उघड्या माळावर राहिल्या त्यांच्या बिया लहान झाल्या. ज्या दाट जंगलात राहिल्या त्यांच्या मोठ्या आणि तेलकट, कारण अंधारात उगवून उन्हापर्यंत चढायचं तर रोपाला शिदोरी लागते. आईने बांधून दिलेली शिदोरी म्हणजे ते तेल. इथवर ठीक आहे. पण एवढी जड शिदोरी घेऊन ही मंडळी समुद्र ओलांडून गेली कशी?

माझे मार्गदर्शक सर म्हणत, तरंगत गेली. सर हे वाक्य वीस वर्षं म्हणत आले होते आणि ते म्हणून म्हणूनच विभागप्रमुख झाले होते. बी खाऱ्या पाण्यात किती दिवस जिवंत राहते, हे कुणीतरी तपासायला हवं होतं. ते कुणीतरी म्हणजे मी.

करावे गावची पुतळाबाई आमच्या गेटबाहेर मासळीची पाटी घेऊन बसते. तिच्या नवऱ्याने, तुळशीरामने, मला खाडीच्या पाण्याचे कॅन भरून दिले. दोन वर्षं कॉलेजच्या जाळीघरात वाढवलेल्या वेलीच्या बिया मी त्या पाण्यात भिजत घातल्या, आमच्या कपडे वाळत घालायच्या बाल्कनीत, तीन बादल्यांत. एक बादली वीस दिवसांची, एक चाळीस, एक साठ. नोव्हेंबरपासून घरात जो वास सुटला त्याबद्दल माझ्या सासूबाई रोज सकाळी देवपूजेनंतर दोन शब्द बोलत. साठ दिवसांच्या बादलीबद्दल चार.

जानेवारीत बिया काढल्या, सावलीत वाळवल्या आणि खाकी कागदाच्या साठ पुड्या केल्या. प्रत्येकीत पाच बिया, वर नंबर. एक ते पंधरा कोरड्या, न भिजवलेल्या. सोळा ते तीस वीस दिवसांच्या, एकतीस ते पंचेचाळीस चाळीस दिवसांच्या, शेचाळीस ते साठ साठ दिवसांच्या. उरलेल्या कोरड्या बिया स्टीलच्या डब्यात. पुड्या सुपात मांडून फ्रिजवर ठेवल्या आणि तीन दिवसांच्या परिषदेसाठी दापोलीला गेले. घरात सगळ्यांना सांगितलं होतं की सुपाला हात लावायचा नाही. हे सांगायची चूक मी केली, हे मला आता कळतं. कारण त्यामुळेच सुपात काहीतरी चांगलं आहे, असं सासूबाईंना वाटलं.

परत आले तेव्हा सूप रिकामं होतं. एक पुडी तेवढी देवापुढे होती, वर हळदकुंकू वाहिलेलं.

संक्रांतीचं सोसायटीचं सामुदायिक हळदीकुंकू यंदा सासूबाईंकडे आलं होतं. वाण म्हणून मागवलेले प्लास्टिकचे डबे वेळेवर पोचले नाहीत. क्लबहाउसमध्ये एकोणसाठ बायका नटूनथटून बसलेल्या, आणि रिकाम्या हाताने परत पाठवायचं म्हणजे सात पिढ्यांचं नाक कापलं गेलं असतं. मग त्यांना फ्रिजवरचं सूप दिसलं. सारख्या आकाराच्या, नंबर घातलेल्या पुड्या. सुनेच्या वेलीच्या बिया, ओमेगा थ्री, कुठल्या मॉलमध्ये मिळणार नाहीत असं वाण. त्यांनी ते लुटलं आणि म्हणे सगळ्या बायकांनी खूप नाव काढलं.

मी खाली बसले आणि रडले. खोटं कशाला सांगू, चांगला अर्धा तास रडले. दिलीप म्हणाला, परत मागून आणू या. दिलीपला वाटतं जग हे त्याच्या ऑफिससारखं आहे, चुकून गेलेला ईमेल मागे घेता येतो.

पण पुड्यांवर नंबर का आहेत, याचा उलगडा एका माणसाने आधीच करून टाकला होता. हौसेराव आमचे सेक्रेटरी. निवृत्तीनंतर त्यांना रजिस्टरचं व्यसन लागलं. नंबर म्हणजे लकी ड्रॉ, हे त्यांनी एका नजरेत ओळखलं आणि क्लबहाउसच्या दारात खुर्ची टाकून कुठल्या फ्लॅटला कुठला नंबर गेला ते ओळीने उतरवून काढलं. सोडत रथसप्तमीला, बक्षीस एअर फ्रायर. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचा फोटोही आला होता, खाली त्र्याहत्तर अंगठे.

मी त्यांच्याकडे गेले आणि शास्त्राच्या नावाने पदर पसरला. ते म्हणाले, ड्रॉ रद्द करणं म्हणजे सभासदांचा विश्वासघात. माझ्या अकरा वर्षांचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, ते तुमचं खाजगी. तेव्हा मला अक्कल आली. मी म्हटलं, ड्रॉ जरूर करा, पण लबाडी होऊ नये म्हणून एक अट घाला. पुडी न फोडता, आतल्या बियांसकट आणून जमा करणाऱ्यालाच बक्षीस. नियम म्हटल्यावर हौसेरावांचा चेहरा उजळला. पाच मिनिटांत ग्रुपवर नोटीस पडली.

शास्त्रासाठी कुणी एक बी परत केली नसती. एअर फ्रायरसाठी लोकांनी पुड्या तिजोरीत ठेवल्या. रथसप्तमीला देवापुढची धरून एक्कावन्न पुड्या माझ्या सुपात परत आल्या. सगळ्या पुड्यांना अत्तराचा वास येत होता. हळदीकुंकवातून आल्या, यायचाच.

नोटिशीच्या आधीच सात पुड्या लोकांनी भाजून खाल्ल्या होत्या. त्यांतली एक खुद्द हौसेरावांच्या घरी. चाळीस दिवस खाडीच्या पाण्यात मुरलेल्या त्या बियांचं त्यांनी फार कौतुक केलं. आधीच खारवलेल्या होत्या, वरून मीठ लावावं लागलं नाही, म्हणाले. मग तीन दिवस ते ऑफिसात दिसले नाहीत. एक पुडी कुणाच्या तरी बहिणीबरोबर उलव्याला गेली होती. आणि एक, बावन्न नंबरची, बी विंगमधल्या क्षिप्राने पुढे देऊन टाकली होती. तो खाकी कागद तिला फोटोत बरा दिसेना. वाण फिरतं ठेवावं, घरात साचू देऊ नये, अशी आपल्याकडे रीतच आहे, आणि क्षिप्रा ही रीत फार कडक पाळते. तिने पुडी पुतळाबाईच्या पाटीवर ठेवली आणि त्याबदल्यात बोंबील जरा जास्त घालून घेतले.

सोडतीत नंबर निघाला तो बावन्न. क्षिप्राने पुतळाबाईकडे धाव घेतली. पुतळाबाईने बिया केव्हाच लावून टाकल्या होत्या, तिच्याकडे नुसता कागद होता. हौसेरावांनी अटीवर बोट ठेवलं. तो एअर फ्रायर अजून सोसायटीच्या ऑफिसात कपाटात कुलूपबंद आहे आणि वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत त्याला पाचवा क्रमांक मिळाला आहे.

मला त्याचं काय. मी एक्कावन्न पुड्या कॉलेजच्या जाळीघरात पेरल्या आणि वाट बघितली. तीन आठवड्यांनी कोरड्या बिया चांगल्या वर आल्या, सत्तरपैकी बावन्न. वीस दिवसांच्या पाव हिश्शानेच उगवल्या. चाळीस दिवसांच्या दोन. इथवर अपेक्षित होतं. आणि साठ दिवसांच्या? परत आलेल्या साठ बियांपैकी एक्केचाळीस रोपं, तरतरीत, हिरवीगार.

मी दोनदा मोजलं. मग आनंदाने ओरडले. जाळीघराचा माळी गंगाराम पळत आला, त्याला वाटलं साप निघाला. मनात कुठेतरी बारीकशी शंका आली होती, नाही असं नाही. आधी मरगळतात आणि मग जिवंत होतात हे कसलं बियांचं वागणं? पण एप्रिल जवळ आला होता आणि शंका ही कायमची नोकरी असणाऱ्यांना परवडते. मी सरांना फोटो पाठवले.

सरांनी त्याच दिवशी सिद्धांत रचला. चाळीस दिवसांपर्यंत बी दमते, त्यानंतर मीठच तिला जागं करतं. उत्क्रांतीने लाखो वर्षं घडवून हिला दर्यावर्दी केलं आहे, असं ते फोनवर म्हणाले, तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता. मार्चमधल्या राष्ट्रीय परिषदेत त्यांचं बीजभाषण होतं. विषय त्यांनी लगेच बदलून घेतला. माझा प्रबंध पंधरा दिवसांत सही करून देतो, म्हणाले, आणि मुलाखतीच्या मंडळातले एकजण त्यांचे मित्रच आहेत, हेही सांगितलं. मी त्या रात्री सासूबाईंच्या पाया पडले. त्यांना कारण कळलं नाही, पण आशीर्वाद त्यांनी सढळ हाताने दिला.

बावन्न नंबरचा निकाल तेवढा नोंदवायचा राहिला होता. एका रविवारी करावे गावात पुतळाबाईकडे गेले. मागच्या अंगणात मासळीच्या थर्माकोलच्या फुटक्या खोक्यात पाचपैकी चार रोपं उभी होती आणि तुळशीरामच्या जुन्या जाळ्यावर चढायला लागली होती. मी फोटो काढत काढत मोठ्या अभिमानाने सांगितलं की याच बिया तुमच्या खाडीच्या पाण्यात साठ दिवस होत्या, आणि तरी बघा.

पुतळाबाई कोळंबी सोलत होती. तिचा हात थांबला.

"नाय गो बाय," ती म्हणाली. "ह्या बियांना खाडीचा वास नवता. दोन मइने त्या पान्यात पडलेला काय बी असू दे, मना डोले मिटून कललं असतं. ह्यांना अत्तराचा वास व्हता, आन आतून कोऱ्या व्हत्या."

मी तिला समजावू लागले, म्हणजे वाद घालू लागले. ती ऐकून घेत राहिली. जन्मभर ज्या नाकाने कालचं पापलेट आणि आजचं पापलेट वेगळं केलं, त्या नाकाशी मी सांख्यिकी बोलत होते. शेवटी तिने मला चहा दिला आणि विषय बदलला. मला मात्र तिथेच सगळं कळलं होतं.

सासूबाई मटार सोलत होत्या. मी सरळच विचारलं, आई, पुड्यांतल्या बिया बदलल्यात का. त्यांना वाटलं मी कौतुक करते आहे.

"मग? पंधरा पुड्या नुसत्या वास मारत होत्या," त्या म्हणाल्या. "दारी आलेल्या सवाष्णीच्या ओटीत कुजकं कसं घालायचं गं? त्या ओतून दिल्या, डब्यातल्या चांगल्या भरल्या. पुड्या उन्हात टाकल्या आणि सगळ्यांनाच अत्तराचा फाया लावला. तुझं नाव खराब व्हायला नको म्हणून."

माझं नाव. मी हसायला लागले आणि मला थांबता येईना. सरांची दर्यावर्दी बी आमच्या स्टीलच्या डब्यातून निघाली होती आणि तिचा सगळा सागरी प्रवास फ्रिजपासून क्लबहाउसपर्यंत झाला होता.

ओतलेल्या बिया कुठे आहेत, विचारलं. क्लबहाउसच्या मागे, जास्वंदीच्या वाफ्यात. तिथे रोज माळी पाणी घालतो. मी स्वयंपाकघरातला पळी-चमचा घेऊन खाली गेले आणि वाफा उकरला. सोसायटीची मालमत्ता उकरल्याबद्दल हौसेराव येऊन दोन नियम सांगून गेले. पाऊण तासात सदुसष्ट बिया सापडल्या. सगळ्या काळ्या, बोटाने दाबल्या की चिखल. उरलेल्या आठ बहुधा मुंग्यांनी नेल्या असतील. सहा आठवडे माती, पाणी, सावली, सगळं मिळूनही एक कोंब नव्हता.

म्हणजे साठ दिवसांनी शून्य. ही वेल समुद्रावरून कशी गेली ते मला माहीत नाही, पण भिजत तरंगत साठ दिवस गेली नाही, एवढं नक्की. माणसाच्या हाताने गेली म्हणावं, तर लाखो वर्षांपूर्वी माणसंच नव्हती, सासवा कुठून असणार.

वर आले तेव्हा सासूबाई दाराशी उभ्या होत्या. दिलीपने त्यांना सगळं सांगितलं होतं. एप्रिल, जागा, सर, अर्पिता. मटाराचं भांडं तसंच पडलं होतं.

"मी कुठं बोलायची नाही," त्या म्हणाल्या. "देवाशपथ. तू लिही तुला हवं ते."

ज्या बाईने माझ्या बाळंतपणाची बातमी माझ्या आधी वॉचमनला सांगितली होती, ती बाई हे म्हणत होती. आणि त्यांनी पाळलंही असतं, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं. मला त्यांचा राग आला होता तो तिथेच अर्धा गेला. मी आत जाऊन लॅपटॉप उघडला. शेचाळीस ते साठ. एक्केचाळीसचा आकडा तिथे इतका छान दिसत होता. सरांना पुतळाबाई माहीत नव्हती आणि पुतळाबाईला सर माहीत नव्हते. मला कुणीही पकडलं नसतं.

मी एक्केचाळीस खोडला आणि शून्य लिहिलं. मग सरांना फोन केला.

सरांनी आकडा दोनदा विचारून घेतला. मग म्हणाले, बीजभाषण छापून गेलं आहे. मग म्हणाले, सासू हा पद्धतीतला दोष आहे, तो तळटीपेत टाकता येईल, आकडा तसाच राहू दे. मी नाही म्हटलं. शून्य असेल तर प्रयोग पुन्हा करावा लागेल, म्हणाले, आणि पुन्हा म्हणजे पुढच्या वर्षी. ते मलाही माहीत होतं. सरांनी मार्चमध्ये भाषण केलं. आलेख माझाच होता, एक्केचाळीसवाला, फक्त खाली माझं नाव नव्हतं. टाळ्या पडल्याचं ऐकलं.

एप्रिलमध्ये जागा अर्पिताला मिळाली. तिने पेढे आणून दिले आणि बाई, तुमच्यामुळेच, असं म्हणाली. मी पेढा खाल्ला. जूनपासून तिने लावलेल्या वेळापत्रकाप्रमाणे मी तास घेते.

प्रबंधातलं ते प्रकरण मी पूर्ण लिहून ठेवलं आहे. एके दिवशी सासूबाईंनी विचारलं, त्यात माझं नाव आहे का. मी वाचून दाखवलं : पुडी क्रमांक शेचाळीस ते साठमधील बिया संशोधकाच्या सासूने बदलल्या, सबब हे निकाल रद्द. आयुष्यात एकदाच त्यांनी माझ्यासाठी गुपित ठेवायचं कबूल केलं होतं आणि मी ते टाइप करून ठेवलं होतं. डोळ्यांत पाणी आलं असावं, त्यांनी चष्मा काढून पुसला.

"लिही," त्या म्हणाल्या. "पण हेही लिही, की वाईट बी कुणाच्या ओटीत घातली नाही."

मी ते लिहिलं. नोव्हेंबरात पुतळाबाईकडून पुन्हा तीन कॅन पाणी आणलं. बादल्या बाल्कनीत आहेत, आणि त्यांच्यावर पाट ठेवून सासूबाई रोज दुपारी पहाऱ्याला बसतात. वासाबद्दल मात्र अजून चार शब्द बोलतातच.